तेरा डिसेंबर १९३०, शनिवार

पंचाहत्तर वर्षं मागं जाऊन या, असं सरकार तुम्हाला सांगतंय. थट्टा नव्हे. २००६ चा वनहक्क कायदा काढून बघा. आदिवासी नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेल्या माणसाला हक्क मागायचा असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी त्याच्या तीन पिढ्या तिथं होत्या हे त्यानं दाखवायचं. पिढी म्हणजे पंचवीस वर्षं, हेही कायद्यानंच मोजून दिलंय. बोटांवर मोजा. तारीख येते १३ डिसेंबर १९३०. वार शनिवार.

खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानातल्या मराठा, गवळी-धनगर अशा कितीतरी घरांना त्या शनिवारी आपला पणजा कुठं होता, हे आज सिद्ध करायचं आहे. कॅलेंडर घरात टांगण्याची चाल नव्हती, तेव्हाची गोष्ट.

तेव्हा चला, जाऊन येऊ. पण निघायचं ते आजच्या जवळच्या मुक्कामावरनं. मे २०२५.

तुम्ही खानापूर स्टँडवर उतरलाय. बेळगावाहून जेमतेम तासाभराचा रस्ता. गावाबाहेर विटांच्या भट्ट्या, कौलांच्या राशी. इथल्या मातीला भाजलं की आवाज चांगला येतो, म्हणून कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा याच गावात आली. दुसऱ्या बसनं हेम्मडग्याच्या रस्त्याला लागलात की शिरोलीपासून झाडी दाटायला लागते. शेजारच्या सीटवरचा म्हातारा मघापासून तुमच्या बुटांकडं बघतोय. "कुठं जाऊलालासा?" खास बेळगावी क्रियापद. पुण्यात हे कुणाला कळणार नाही, आणि इथं दुसरं कुणाला सुचणार नाही. तुम्ही म्हणता, तळेवाडीला. तो मान हलवतो. "आता काय हाय तिथं?"

आहे. घरं अजून उभी आहेत. करवंदांचा सीझन आहे, जांभळं पडून वाटेवर डाग पडलेत, आणि संध्याकाळी वळिवाची सर येऊन गेली की वहाळाच्या कडेला काजवे पेटतील. याच महिन्यात वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी इथल्या सत्तावीस कुटुंबांना दहा-दहा लाखांचे चेक दिले. गाव सोडल्यावर आणखी पाच लाख. भीमगड अभयारण्याच्या पोटातल्या तेरा गावांपैकी उठायला तयार झालेलं हे पहिलं.

नकाशा मनात धरा, नाहीतर या चेकांचा अर्थ लागत नाही. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं. साधारण १९० चौरस किलोमीटर. आकड्यानं लहानच. पण दक्षिणेला दांडेलीकडं काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला घाट उतरला की गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि मोले, उत्तरेला चोर्ला, तिळारी, मग राधानगरी आणि शेवटी चांदोली. वाघाला या सगळ्यातून चालत जायचं असतं. त्याला राज्यपुनर्रचना आयोग माहीत नाही. सह्याद्रीत कॅमेऱ्यात आलेले नर काळीतही दिसलेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातनं एक वाघीण गाडीत घालून चांदोलीत आणून सोडली, कारण तिथं आपण होऊन येऊन टिकणाऱ्या माद्या नव्हत्या. आणायला गाडी लागली. पण तिची पिल्लं पुढं दक्षिणेला सरकायची झाली तर ती याच वाटेनं, तळेवाडीच्या कुठल्यातरी बांधावरनं सरकणार. तुटलेलं रान मोठ्या पट्ट्यात पुन्हा जोडणं म्हणतात ते हे. कागदावर ती एक हिरवी रेघ असते. प्रत्यक्षात त्या रेघेवर कुणाचं तरी भात पिकत असतं.

आता गावातल्या लोकांकडं बघा, आणि डोळ्यांतलं हळवेपण आधी पुसून टाका. हे लोक ढकलून काढलेत असं समजून आला असाल तर तुमचीच अडचण होईल. पावसाळ्यात इथली वाट बंद होते. शेजारच्या आमगावात २०१० साली वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला होता. चेरापुंजीच्या पंगतीतला आकडा. त्याच आमगावातल्या एका आजारी बाईला जुलै २०२४ मध्ये गावकऱ्यांनी पावसात, चिखलातनं, खांद्यावर वाहून आणलं. अभयारण्य म्हणून पक्का रस्ता होत नाही, पूल होत नाही, विजेचा खांब पुढं सरकत नाही. अस्वल दारात येतं. पोरगी द्यायला कोण तयार होत नाही. अशा ठिकाणी पंधरा लाख म्हटल्यावर कुणी हो म्हणालं तर ती लाचारी की निवड, हे पुण्या-मुंबईत खुर्चीवर बसून ठरवायचं नसतं. मला विचाराल तर दोन्ही आहे, आणि नुसत्या चेकानं ती लाचारी संपत नाही.

गावातला म्हणून एक फणस धरून चला. घराच्या मागल्या अंगाला, खोड दोघांच्या कवेत न मावणारं, मुळापासून हातभर उंचीवर फळं लागलेली. खाली गाभे पडलेत, त्यावर माश्या. काळात मागं जायचं साधन हेच. खोडाला पाठ लावा, डोळे मिटा. मागं जाल तसं खोड बारीक होत जाईल. त्यावरनं कुठं पोचलात ते कळेल.

पहिला थांबा पटकन उरकू. १ नोव्हेंबर १९५६. फणस ऐन जोमात. कालपर्यंत हे रान मुंबई राज्यात होतं, आज म्हैसूर राज्यात आहे. बांधावर काहीच बदललेलं नाही. बदललं ते चावडीत. आजवर सारा भरल्याची पावती मराठीत, मोडीत नाहीतर बाळबोधीत, मिळायची; हळूहळू ती कन्नडमध्ये येईल. सत्तर वर्षांनी या घरातला नातू दाव्याचा कागद भरायला बसेल तेव्हा आज्याचा कागद त्याला वाचता येणार नाही, कारण मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसेल. आणि स्वतःचा कागद भरायला त्याला तालुक्याच्या गावी कन्नड लिहिणारा गाठावा लागेल. सीमाप्रश्नाची ही बाजू भाषणात येत नाही.

पुन्हा डोळे मिटा.

शनिवार, १३ डिसेंबर १९३०. थंडी बोचतेय. फणसाचं खोड आता तुमच्या मांडीएवढं, साल कोवळी, करडी. भात कापून झालंय. खळ्यावर मळणी चाललीय. मेढीभोवती बैल फिरतायत, एक पोरगं त्यांच्या मागनं चालत पेंगतंय. शेणानं सारवलेल्या खळ्याचा, नव्या भाताचा आणि बैलांच्या घामाचा असा एकत्र वास तुम्हाला आता कुठं मिळायचा नाही, तेव्हा जरा थांबून घ्या.

मग कामाला लागा. तुम्ही कशासाठी आलाय? पुराव्यासाठी. खळ्याजवळ वाकळ पांघरून बसलेल्या म्हातारीला विचारा, "आजी, तुमचं नाव कुठं लिहिलंय का? एखादा कागद?"

ती तुमच्याकडं बघते. कागद पाटलाकडं असतो. नाहीतर गार्डाकडं. गार्डाकडचा कागद म्हणजे दंडाचा. रानातनं लाकूड आणलं, गुरं हद्दीच्या आत गेली, त्याचा. तिच्या मते माणसाचं नाव कागदावर चढणं ही काही चांगली गोष्ट नाही. आणि तिचं बरोबर आहे. १८७८ च्या कायद्यानं रानाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले, हद्दीचे दगड रोवले. तीन वर्षांमागं, १९२७ ला, नवा वन कायदा आला आणि गाठ आणखी आवळली. या कायद्यांत ग्रामवन म्हणून एक प्रकरण होतं, गावाच्या हाती रान सोपवायची सोय होती. ते प्रकरण कुणी फारसं उघडलंच नाही.

आणि वर्ष कोणतं, बघा. १९३०. याच पावसाळ्यात उत्तरेला वारणेच्या खोऱ्यात, बिळाशीत, लोकांनी जंगल सत्याग्रह केला. २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला जंगल कायदा मोडायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आठ हुतात्मे झाले. ज्या वर्षी माणसं 'रान आमचं आहे' म्हणून गोळ्या खात होती, नेमकं तेच वर्ष पुढच्या शतकातल्या कायद्यानं हिशेबाला निवडलं. योगायोगच, २००५ मधनं पंचाहत्तर वजा केले की तो निघतो. पण योगायोग काही वेळा आपल्यापेक्षा जास्त शहाणे असतात. बिळाशी आज चांदोलीच्या पायथ्याशी आहे. तुमची वाघीण जिथं सोडली, त्या रानाच्या उंबऱ्यावर.

म्हातारीकडं कागद नाही. तेव्हा खिशातनं वही काढा आणि दिसतंय ते लिहा. दगडांचा बांध, तीन टप्प्यांचा; वरचा मुरलेला, गवत आलेला, म्हणजे जुना. विहीर नाही, झरा आहे, त्याला दगडी तोंड केलंय. ओढ्यापलीकडं मसणवट. त्याच्या वर देवाची राई. तिथं कोयता चालवत नाहीत, काटकी उचलत नाहीत, गार्डालासुद्धा तिथं दगड रोवायला कुणी मदत केली नाही. ही यादी वाया जाणार नाही. वनहक्काच्या नियमांत घरं, बांध, सपाट केलेली जमीन, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. १९३० ची म्हातारी ज्याला पुरावा म्हणाली नसती, तोच खरा पुरावा आहे.

निघताना ती तुम्हाला भाकरी देते. नाचण्याची. वर लसणाची चटणी. खाऊन घ्या. पुढचा थांबा लांबचा आहे.

१९१२. फणस आता फणस म्हणावा असा नाही. गुडघ्याएवढं रोप, गुरांनी खाऊ नये म्हणून भोवती कारवीच्या काठ्यांचं कूड. एक बाई त्याला पाणी घालतेय. मघाची म्हातारीच असेल, तरुणपणची. खात्री करायला सवड नाही, कारण गावात पाहुणे आलेत.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं गेल्या वर्षीपासनं देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतलीय. माणसं बंदुका, सापळे, स्पिरिटच्या बरण्या घेऊन फिरतायत. इथं ती आलीत बारापेडेच्या गुहांसाठी. तळेवाडी आणि कृष्णापूरच्या मधलं रान, उतार तुडवत जा. गुहेच्या तोंडाशी आधी वास येतो, वटवाघळांच्या लेंडीचा, डोळे चुरचुरावेत असा. मग अंधार. मग छतावर घट्ट बसलेला एक मोठा, काळसर, थरथरता थर. कंदील वर करा. कान केवढे! डोळ्यांच्या पुढं येणारे, कपाळावर एकमेकांना भिडलेले. मानेभोवती फिकट पट्टा.

गुहेची वाट पाहुण्यांना कुणी दाखवली असेल? गावातल्याच कुणीतरी. दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्याचं नाव कुठल्या लेबलावर चढलं नाही. वटवाघूळ बरणीत बसून लंडनला गेलं. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं राउटन यांचं. राउटन म्हणजे मुंबई इलाख्यात नोकरी केलेले जंगल खात्याचे अधिकारी, या पाहणीमागचे एक प्रमुख. माणूस अभ्यासू होता, त्याच्या योग्यतेबद्दल वाद नाही. पण बघा, गुहा गावाची, वाट गावाची, आणि कागदावर उरलं जंगल खातं. इथला इतिहास लिहिण्याची पद्धत त्या एका लेबलात आलीय.

पुढं जवळजवळ नव्वद वर्षं हे वटवाघूळ जगात फक्त इथंच आहे असं मानलं जात होतं. मग ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही सापडलं. पण अख्खं जग ज्या एका गुहेकडं बोट दाखवत होतं ती नव्वद वर्षं शाबूत राहिली, ती कुणी कुंपण घातलं म्हणून नव्हे. आजूबाजूच्या गावांनी तिथं धूर केला नाही, एवढंच. भीमगडला अभयारण्याचा दर्जा मागणाऱ्या बेळगावच्या निसर्गप्रेमींनी नंतर हेच वटवाघूळ पुढं केलं. राखण कुणी केली होती, हे मात्र त्या अर्जात फारसं आलं नाही.

आणखी मागं. आता फणस नाहीच, मोकळी माती. दगडाला पाठ लावा.

एकोणिसावं शतक, मध्यावरनं पुढं सरकलेलं. होळी होऊन गेलीय. डोंगराच्या अंगावर धूर आहे. घाबरू नका, वणवा नव्हे, कुमरी पेटवलीय. थंडीत झाडोरा तोडून वाळत घातला, आता पेटवला. पावसाच्या तोंडावर राखेत नाचणी, वरी टोचायची. एक-दोन वर्षं पीक घ्यायचं आणि तो तुकडा सोडून पुढं जायचं. दहा-बारा वर्षांनी परत यायचं, तोवर रान उभं राहिलेलं असतं. रान पुन्हा उभं करण्याचा प्रकल्प, अहवाल, निधी, यातलं काही नाही. नुसतं सोडून द्यायचं आणि मोजत बसायचं.

१८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांना आणि त्यांच्या मागून आलेल्यांना ही कुमरी खुपली. त्यांचंही सगळं चूक नव्हतं, हे इथं धुरात उभं राहूनच म्हणायला हवं. माणसं वाढली, तुकडे कमी पडले, बारा वर्षांची सहा झाली, की या पावसात उतारावरची माती टिकत नाही. तेव्हा तिच्यावर बंधनं आली. पण त्याच शतकाच्या शेवटी लोंढ्यावरनं कॅसलरॉककडं, मुरगावकडं रेल्वे निघाली आणि सागवान, किंजळ, जांभा, ऐन कापायला सुरुवात झाली. कुमरीची राख सरकारला दिसत होती. स्लीपरांच्या राशीत रान दिसत नव्हतं. कोयता गुन्हेगार ठरला, करवत कंत्राटदाराची होती.

शेवटची उडी लहान आहे, कारण तिथं सांगण्यासारखं थोडंच आहे. सतरावं शतक. तुम्ही भीमगडाच्या माथ्यावर आहात. खाली कडे सरळ तुटलेत. पलीकडं गोवा, म्हणजे पोर्तुगीज. शिवाजी महाराजांनी हा गड त्यांच्यावर नजर ठेवायला बांधला. वारा इतका की बोलणं ऐकू येत नाही. पुढल्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्य राज्यकारभाराची रीत लिहून ठेवतील, त्या आज्ञापत्रात झाडांबद्दलही लिहितील. आरमाराला लाकूड लागतं, मान्य. पण रयतेची आंबे-फणसाची झाडं तोडू नयेत, कारण ती तिनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड जीर्णच झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं, जबरदस्ती मुळीच करू नये, असा त्याचा आशय. धन्याला राजी करून. आरमारापुढं प्रश्न होता तो झाडाचा, आणि तरी आधी माणसाला विचारा म्हणाले.

परत या. खोड फुगतंय, साल खरबरीत होतेय, पाठीला टोचतेय. मे २०२५. पडवीत कुणीतरी चेकची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतंय.

आता तुम्हाला तीनशेवर वर्षांची हवा लागून आलीय, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली असेल. हे रान कधीच 'अस्पर्श' नव्हतं. कुमरीवाले, गवळी, गडकरी, स्लीपरांचे कंत्राटदार, सगळ्यांनी ते वापरलं, ओरबाडलं, काहींनी राखलं. ते पुन्हा मूळ रूपात न्यायचं म्हणजे कुठल्या सालात न्यायचं? १९३०? १८४७? मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. माणसं काढली की रान आपोआप बरं होतं, हा समज चांदोलीकडं जाऊन बघितला तरी पुरता टिकत नाही. उठलेल्या गावांची भातखाचरं तिथं आज गव्यांची चरण आहेत, हे खरं, आणि ते बघायला फार सुंदर दिसतं. पण गवत गवत म्हणून टिकवावं लागतं. कापलं नाही, रानमोडी उपटली नाही, तर चार पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी खाचर भरून टाकतात. मग तिथं गवाही फिरकत नाही. जुन्या बांधातनं पाणी कुठं मुरतं, झरा कुठल्या महिन्यात आटतो, राईतलं कुठलं बी भाजल्याशिवाय रुजत नाही, हे माहीत असलेला माणूस खानापूरच्या वळणावर भाड्याच्या खोलीत जाऊन बसला, तर त्या कामाला बाहेरून माणसं आणावी लागतात. ती बियांची पाकिटं घेऊन येतात.

दुसरीकडं कसं झालं तेही तुम्हाला माहीत असावं. कर्नाटकातच भद्रा अभयारण्यातनं २००२ च्या सुमारास चारशेवर कुटुंबं बाहेर आली. त्यांना जमीन मिळाली, पाणी मिळालं, आणि देशातलं बऱ्यापैकी जमलेलं पुनर्वसन म्हणून अभ्यासक आजही त्याचं नाव घेतात. तिथं हातात निव्वळ रोकड दिली नव्हती; शेतकऱ्याला शेत दिलं होतं. हा फरक मला पंधरा लाखांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. आणि उठवायचं नसेल तर? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि रान गावानंच सांभाळलं. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर म्हणून गाव आहे. उजाड टेकड्या सामूहिक हक्कात घेतल्या, चराई बंद केली, झाडं लावली, आणि मग तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्या गावाला मिळाला. खानापुरात कोकम आहे, शिकेकाई आहे, हिरडा आहे, मध आहे. हक्काचा कागद मात्र हवा.

कायद्याचा क्रम इथं नीट वाचून घ्या, कारण गावात कुणी तो वाचून दाखवत नाही. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरनं हटवता येत नाही. अतिमहत्त्वाचा वन्यजीव अधिवास म्हणून एखादा भाग मोकळा करायचाच झाला तरी आधी हक्क मान्य व्हायला हवेत, मग ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती, आणि जिथं जायचं तिथली जमीन-सोयी तयार. आधी दावा, मग बोलणी. मागनं चेक. उरलेल्या बारा गावांपुढं हाच क्रम आहे: आमगाव, देगाव, कृष्णापूर, गवाळी, पास्टोली, कोंगळा आणि बाकीची. देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते; पलीकडं कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा निघते आणि कृष्णेला मिळायला पूर्वेला जाते. शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना मिळतो. त्या पाण्यासाठी हुबळी-धारवाड आणि पणजी लवादात भांडले, २०१८ मध्ये निवाडा आला, आणि वाद तरीही संपला नाही. टीएमसीचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ज्या खाचरांत ते पाणी आधी मुरतं, त्या खाचरांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

नावं म्हणून तर शेवटी तुमच्याकडं एक काम आहे. खोडापासनं उठा, पाठीवरचा चीक पुसा, आणि घरी जाऊन फोन लावा. बेळगावात, खानापुरात, गोव्यात, मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या खोल्यांत या तेरा गावांची माणसं आहेत. तुमच्या ओळखीत एखादी असेलच. ती ऐंशीच्या पुढची असेल तर या पावसाळ्याच्या आत तिच्यापुढं वही घेऊन बसा. कुठल्या शेताला काय म्हणायचे, बांध कुणाच्या आज्यानं घातला, राईत कुठला देव, मसणवट कुठं, गुहेची वाट कुठनं. मराठीत लिहा, जशी बोलेल तशी लिहा, तारीख घाला, अंगठा घ्या. वनहक्काच्या नियमांतला तेरावा नियम काढून बघा: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून धरलं जातं.